भुशाची डबलबारी

मी एक जुना सायक्लोन आहे. थांबा, मित्रांनो, पळू नका! गोराईच्या होड्या घाईघाईने वर ओढायला लावणारं, माड मुळासकट उपटणारं ते वादळ मी नव्हे. मी साध्या पत्र्याचा आहे. वर गोल डबा आणि खाली निमुळता होत गेलेला शंकू. रॉकेल ओतायचं नरसाळं असतं ना, तसाच, फक्त तुमच्या कमरेला लागेल एवढा मोठा. वादळ माझ्या पोटात असायचं. आता तेही नाही.

माझं काम काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. जत्रेतल्या चक्रीत बसलात की तुम्ही बाहेरच्या बाजूला ढकलले जाता, बरोबर? माझ्या पोटात तेच होतं. सुतारकामाच्या मशीनखालून एक पाईप माझ्या कुशीत येतो. त्यातून भुशाने भरलेली हवा तिरकी आत शिरते आणि गरगर फिरू लागते. जड भुसा बाहेर फेकला जातो, माझ्या अंगाला घासत खाली घसरतो आणि पायाखालच्या पिंपात पडतो. उरलेली हवा मधल्या नळीतून वर जाते. माझ्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो, तो ती ओढून बाहेर टाकतो. झालं! लाकूड कापा, घासा, काही करा, जमिनीवर भुसा दिसणार नाही.

दिसणार नाही म्हटलं मी. हा शब्द जरा लक्षात ठेवा.

माझा जन्म विक्रोळीचा. तिथल्या एका मोठ्या कंपनीत धाकू मेस्त्री लाकडी साचे बनवायच्या खात्यात होते, आणि गिल्बर्ट पत्र्याच्या खात्यात. मेस्त्री मालवणकडचे, गिल्बर्ट मालाडच्या जुन्या गावातला. एकाच्या डब्यात भाकरी, दुसऱ्याच्या डब्यात सुके बोंबील, आणि जेवायच्या सुट्टीत दोन्ही डबे मध्ये. अशी त्यांची दोस्ती. मेस्त्री पार्कसाइटच्या चाळीत तळमजल्याला राहायचे. खोलीच्या मागे त्यांनी पत्र्याची शेड घातली होती, आणि कामावरून आल्यावर तिथे ते सागवानाचे देव्हारे बनवायचे. काय देव्हारे असायचे, मित्रांनो! बारीक खांब, वर कळस, आणि हात फिरवला तर रेशमासारखा मऊ. एक गोल करवत आणि एक घासायचं मशीन, एवढीच त्यांची दौलत. आणि धुरळा? धुरळा विचारू नका!

माझ्याआधी तिथे नुसता पंखा होता आणि त्याच्या तोंडाला उशीचा अभ्रा बांधलेला. भुसा थेट पंख्याच्या पात्यांवर आपटायचा, खाडखाड आवाज यायचा, आणि एके दिवशी तो अभ्रा फुगून फुगून फाटला. बाहेर शेजारच्या रुक्मिणी मावशींनी पापड वाळत घातले होते.

"मेस्त्रींनू!" मावशींचा आवाज पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेला म्हणतात. "पापडांक हळद लावतत, मिरी लावतत. लाकूड लावलेलं मी पयल्यांदा बगलंय!"

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी हा किस्सा गिल्बर्टला सांगितला. गिल्बर्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "धाकू, आपल्या कंपनीच्या छपरावर तो मोठा शंकू बघितलास ना? तसला एक तुला करून देतो. बच्चा साइज."

असा मी झालो. हवा खेळवायच्या जुन्या डक्टचा पत्रा, गिल्बर्टची कात्री, रिव्हेट आणि झाळकामाचे डाग. तो हाताने पत्रा वाकवायचा आणि मध्येच टिचकी मारून कान लावायचा. मी जरा बुटका आणि गुबगुबीत झालो, कारण पत्राच तेवढा होता. पहिल्या दिवशी पंखा सुरू झाला, करवत फिरली आणि भुसा सरसरत माझ्या पिंपात पडू लागला, तेव्हा शेवंती काकू, म्हणजे मेस्त्रींची बायको, दारात उभ्या होत्या. त्यांनी जमिनीवर बोट फिरवून बघितलं. बोट स्वच्छ! त्या आत गेल्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या. माझ्या पत्र्यावरची ती बोटं कितीतरी दिवस पुसली गेली नाहीत.

सुरुवातीला माझ्या पंख्याचा पाईप मागच्या गल्लीत काढला होता. पण पिंपात न पडणारी एक बारीक पूड असते, मित्रांनो. पिठाहून बारीक, अत्तराच्या वासासारखी हलकी. ती माझ्या पोटातल्या चक्रीला दाद देत नाही. फिरते, फिरते आणि हवेबरोबर वरून निघून जाते. ती पूड गल्लीतल्या दोरीवरच्या धुण्यावर बसू लागली. गल्लीतल्या बायकांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मेस्त्री ओशाळले. चाळीत आपल्यामुळे कुणाला त्रास व्हावा, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. त्यांनी काय केलं, तर तो पाईप फिरवला आणि त्याचं तोंड शेडच्या आत घेतलं.

"आता कोणाच्या कपड्यार काय पडूचा नाय," ते समाधानाने म्हणाले.

कुणाला काही वाटलं नाही. शेडची जमीन तर स्वच्छ होतीच.

आता मला मेस्त्रींच्या गळ्याबद्दल सांगायचं आहे. तिथे मला जरा भरून येतं, पण सांगतो. धाकू मेस्त्री नुसते मेस्त्री नव्हते, ते धाकूबुवा होते. भजनीबुवा! कोकणातल्या माणसाला डबलबारी सांगावी लागत नाही, पण तुमच्यात कुणी नवीन असेल तर ऐका. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोघांची दोन मंडळं, पेटी, पखवाज, झांज. एक बुवा गजर करतो, दुसरा उत्तर देतो. मधेमधे एकमेकांना असे चिमटे काढतात की लोक हसून लोळतात. धाकूबुवांचा आलाप असा लांब जायचा की ऐकणारे स्वतःचाच श्वास धरून बसायचे. समोरचा बुवा मुद्दाम घड्याळाकडे बघायचा, "झाला काय तुमचा? माका सकाळी कामावर जावचा हा!" असं म्हणायचा, आणि तरी धाकूबुवांचा सूर तसाच, सरळ, करवतीने मारलेल्या रेघेसारखा.

आणि गंमत सांगू? माझ्या पंख्याचा जो घुंss आवाज यायचा ना, तो नेमका त्यांच्या पट्टीत होता. काळी चार! पहिल्यांदा हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली, पेटी बाहेर काढली, काळी चार दाबली आणि लहान मुलासारखे ओरडले, "गो शेवंत्ये! ह्यो सुरात बोलता! माका आता तंबोरो कित्याक व्हयो?"

त्या दिवसापासून मी त्यांचा तंबोरा झालो. रोज संध्याकाळी मशीन सुरू, मी सुरू, आणि देव्हारा घासता घासता मेस्त्रींचा रियाज सुरू. तोंड मोठं उघडून, छाती भरून श्वास घेऊन, जीव तोडून! मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू? कुठल्या कंपनीच्या छपरावरच्या सायक्लोनला असा मान मिळाला असेल?

चाळीत माझं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. त्या काळी रॉकेलसाठी रांग लागायची आणि गॅसचा नंबर लागता लागत नसे. पण भुशाची शेगडी बहुतेकांकडे होती. लोखंडी डब्यात मध्ये बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. भात, आमटी, अंघोळीचं पाणी, सगळं त्यावर. भुसा हवा मात्र कोरडा आणि दाबून बसणारा. आणि तो माझ्या पिंपात आयता! मेस्त्रींनी पाळी लावून दिली होती. आज रुक्मिणी मावशी, उद्या वरच्या मजल्यावरच्या मीरा वहिनी. भुशाचे पैसे ते कधीच घेत नसत. बायका डबे घेऊन यायच्या आणि पिंपावर हात थोपटून म्हणायच्या, "आज पोट भरलं हां बाळाचं!" बाळ म्हणजे मी, बरं का.

मेस्त्रींची मुलगी मालन तेव्हा सहावीत होती. दोन वेण्या, तोंडाचा पट्टा चालू आणि कशालाही न भिणारी. शाळेत नुकतंच तिला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे घरात ती भाषणातच बोलायची. "आई, मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते की दूध उतू जात आहे!" असं. शेवंती काकू लाटणं उगारायच्या. पण ती पोर नजरेची तिखट होती. शेडच्या छपराला एक भोक होतं, त्यातून संध्याकाळचा कवडसा तिरका आत यायचा. एकदा मी चालू असताना ती त्या कवडशाकडे बघत राहिली. त्यात सोन्यासारखी पूड नाचत होती. इतकी दाट, की कवडसा दांडक्यासारखा हातात धरता येईल असं वाटावं.

"बाबा," ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही गाताना आत घेताय."

"सागवान आसा गो. औषधी," मेस्त्री हसून म्हणाले आणि खोकले.

खोकला तेव्हाच सुरू झाला होता. आधी सकाळी, मग रियाजाच्या मध्ये. गिल्बर्ट एका रविवारी आला तेव्हा मेस्त्रींच्या भुवया पिवळ्या झालेल्या बघून तो हसला नाही. तो माझ्या वरच्या पाईपसमोर हात धरून उभा राहिला. मग तळहात नाकाशी नेला.

"धाकू, तुझा हा बुटका मोठं तेवढं गिळतो रे. बारीक सगळं तुझ्याच तोंडावर थुंकतो."

मला राग आला. खरंच आला! पण त्याने मलाच तर बनवलं होतं, त्याला माझं पोट माहीत.

काही आठवड्यांनी तो खांद्यावर घेऊन आला तो माझा धाकटा भाऊ. उंच, सडपातळ, डबा लहान आणि शंकू लांबच लांब. चाळीने त्याचं नाव लगेच ठेवलं, लांबा. लांब शंकूत हवा जास्त वेळ फिरते, म्हणून माझ्या हातून निसटणारी पूडही त्यातली बरीचशी खाली पडते. आणि एवढ्यावर भागत नाही, म्हणून गिल्बर्टने पंख्याच्या तोंडाला मांजरपाटाची मोठी पिशवी लावायला सांगितली. उरलीसुरली पूड त्या कापडात अडकणार. शेवंती काकूंनी दुहेरी शिलाई मारून ती शिवली. गिल्बर्टने बजावलं, "पिशवी भरली की हवा अडते. मग बाहेर नेऊन झाडायची. आळस केलास तर लांबा ओढणार नाही, सांगून ठेवतो."

"म्हणजे ह्याची आणखी एक सेवा," मेस्त्री म्हणाले. "बुटको बिचारो काय मागत नाय."

"मग लावू या दोघांची बारी," गिल्बर्ट म्हणाला. "जिंकेल तो राहील."

बारी! हा शब्द चाळीत पसरायला किती वेळ लागणार? रविवारी सकाळी शेडसमोर हीs गर्दी. कुणी झांज आणली, कुणी पखवाजावर थाप मारली. पंखा एकच होता, तो आधी माझ्या डोक्यावर बसवला, नंतर लांब्याच्या. लाकूड दोघांना सारखंच. आणि निकाल कसा लावायचा? तर रुक्मिणी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "त्यात काय विचारूचा? ज्याच्या पिंपात भुसो जास्त, तो बुवा मोठो!"

सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांच्याच घरी शेगड्या होत्या ना!

मी सुरू झालो. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतला. करवतीखालचा कण न् कण ओढला. भुसा असा धबाधबा पडला की पिंप दणदणलं. मेस्त्रींनी माझ्या सुरात सूर मिसळून एक आलाप घेतला आणि गर्दीतून "वाहवा बुवा!" आलं. मग लांब्याची पाळी. सुरुवात त्याचीही झकास होती. पण सागवानाची पूड पिशवीत बसू लागली तशी हवा अडू लागली, करवतीखाली भुसा राहू लागला. आणि हवा अडली की पंखा हलका होऊन जोरात फिरतो, त्याचा सूर चढतो. काळी चारवरून जरा वर, आणखी जरा वर.

मेस्त्रींनी कानावर हात ठेवले. "गिल्बर्टा, ह्यो सुरात नाय रे! चढत जाता!"

"चढतो म्हणजे पिशवी झाड म्हणून सांगतो तो!" गिल्बर्ट ओरडला. पण झांजांच्या आवाजात कुणी ऐकलं?

मालनने मात्र वेगळंच बघितलं होतं. ती कवडशाखाली उभी होती. "बाबा, इकडे बघा ना! बुटका चालू होता तेव्हा इथे नुसता धूर होता धूर. आता बघा, ऊन स्वच्छ आहे! बाबा, उन्हात बघा!"

मेस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मग पिंपांकडे बघितलं. सगळी चाळ बघत होती.

"चेडवा," ते प्रेमाने म्हणाले, "बारी भुशाची लागली हा. उन्हाची नाय."

काय हशा पिकला! मालनचे कान लाल झाले. पिंपं उचलून तोलली गेली आणि माझं जड भरलं. मीरा वहिनींनी आपल्या वेणीतलं अबोलीचं वळेसर काढून माझ्या गळ्यात घातलं.  गिल्बर्टने लांब्याला परत खांद्यावर घेतलं आणि जाताना मेस्त्रींना एवढंच म्हणाला, "तू बुवा आहेस, धाकू. तुझ्या छातीची काळजी मला आहे, तुला नाही."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. तो आठवला की अजूनही माझा पत्रा गार पडतो.

त्यानंतरची वर्षं वरवर छान गेली. देव्हारे विकले जात होते, शेगड्या पेटत होत्या. मेस्त्रींचा आलाप मात्र आखूड होत गेला. रोज ऐकणाऱ्याला कळलं नसतं, पण मी रोजचा सूर देणारा, मला कळायचं. आधी ते माझ्या आवाजावरून एका दमात पलीकडे जायचे. मग मध्ये एकदा थांबू लागले. मग दोनदा. थांबले की हसायचे आणि म्हणायचे, "वय झाला." शेवंती काकू काढा करायच्या, छातीला तेल चोळायच्या, आणि चोळता चोळता चिडायच्या. "त्या यंत्राक गाणा ऐकवक तोंड उघडतास आणि धूळ खातास. माका बोलून बोलून कंटाळो इलो!" मालन दोन-तीनदा पुन्हा लांब्याचं नाव काढून बसली. मेस्त्री म्हणायचे, "हो गो, आणूया." आणि आणला नाही. रुक्मिणी मावशींची पाळी चुकली असती, मीरा वहिनींची चुकली असती, आणि तो सूर... काळी चार कुठून आणली असती?

मग आली चाळीची सत्यनारायणाची पूजा. दरवर्षी त्या दिवशी दिवेलागणीला चाळीच्या चौकात डबलबारी व्हायची, अगदी माझ्या शेडच्या समोर. दार उघडं होतं, म्हणून मी सगळं बघितलं. धाकूबुवांच्या समोर होते भांडुपचे बाळाबुवा. भलतेच फटकळ. त्यांची जीभ कात्रीहून धारदार. आल्या आल्या म्हणाले, "धाकूबुवा सुतार माणूस. आमका आज रंधो मारणार म्हणतत. पण लोकांनू, लाकूड जरा जुना झालेला दिसता हां!" चौक खदखदला. धाकूबुवाही हसले. त्यांनी पांढरी टोपी नीट केली, पेटीवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि गजराआधीचा तो त्यांचा लांब आलाप उचलला.

आलाप वर गेला. तिथपर्यंत गेला जिथे नेहमी लोक श्वास धरायचे. आणि तुटला.

पेटी वाजत राहिली. धाकूबुवांचं तोंड उघडंच होतं, पण आतून काही येत नव्हतं. मग खोकला आला, तो थांबेचना. पखवाज थांबला. शेवंती काकू बायकांतून उठल्या. 

आता नियमाप्रमाणे बाळाबुवांनी उठायचं आणि चिमटा काढायचा. लोक त्यांच्याकडे बघत होते. बाळाबुवा उठले खरे. त्यांनी टोपी काढली. आणि जिथे धाकूबुवांचा सूर तुटला होता, अगदी तिथूनच, त्याच काळी चारमध्ये, त्यांनी तो आलाप उचलला आणि पुरा करून आणून धाकूबुवांच्या पेटीजवळ ठेवला. स्वतःची पट्टी सोडून! मग ते खाली बसले. त्या बारीचा निकाल कुणी विचारला नाही.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुफ्फुसांत बारीक पूड साचून साचून ती आखडली आहेत, असं सांगितलं. लाकडाचं काम बंद. धुरळ्यात जायचं नाही. गाणं विसरा. मेस्त्रींनी एकच विचारलं, "गेलो तो सूर परत मिळात?" डॉक्टर चष्मा पुसू लागले.

शेडला कुलूप लागलं. माझ्या डोक्यावरचा पंखा काढून ठेवला गेला. माझं पिंप, जे लोक प्रेमाने थोपटायचे, ते धुऊन पाणी भरायला घरात गेलं. मी एका बाजूला पडलो, आणि माझ्या पोटात पालीने अंडी घातली. रुक्मिणी मावशी एकदा डबा घेऊन सवयीने दाराशी आल्या. कुलूप बघितलं, पदर तोंडाला लावला आणि तशाच परत गेल्या. त्यांच्या शेगडीत किती दिवस मेस्त्रींचा श्वास जळत होता, असं त्यांना वाटलं असेल का? मला वाटायचं. अंधारात पडून माणूस काय काय विचार करतो, आणि मी तर नुसता पत्रा.

एक देव्हारा अर्धाच राहिला होता. खांब उभे, कळस व्हायचा होता. दहावीची परीक्षा झाल्यावर मालनने एक दिवस कुलूप काढलं. "हा मी पुरा करणार," तिने जाहीर केलं. शेवंती काकूंनी कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीन सुतारकाम?" पण मालनने ऐकलं असतं तर ती मालन कसली? मेस्त्री दाराबाहेर खुर्चीत बसले होते. त्यांनी अर्ध्या देव्हाऱ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाले, दम लागत लागत, "कर. पण आधी... गिल्बर्टाक निरोप धाड."

गिल्बर्ट लांब्याला खांद्यावर घेऊन आला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने लांब्याला माझ्या जागी उभा केला, पंखा चढवला, नवी मांजरपाटाची पिशवी लावली. मालनने तोंडाला ओला रुमाल बांधला आणि मशीन सुरू केलं. मेस्त्री बाहेरून आत बघत होते. पिंपाकडे नाही. कवडशाकडे. छपराच्या त्याच भोकातून ऊन आत येत होतं आणि जमिनीवर नाण्यासारखं पडलं होतं. मध्ये काही नाही. नुसतं स्वच्छ, रिकामं ऊन.

"गिल्बर्टा," मेस्त्री म्हणाले. गिल्बर्ट जवळ वाकला, कारण त्यांचा आवाज आता फार लांब जात नाही. "चेडू तेवा सांगी होता. बारी ह्येची होती रे... उन्हाची."

गिल्बर्टने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खरं म्हणजे त्याला खूप बोलता आलं असतं. तो म्हणाला, "बोंबील आणलेत. शेवंतीला तळायला सांगू?"

तेवढ्यात मेस्त्रींनी मान वळवली. कान टवकारले. लांब्याचा सूर जरासा चढला होता. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, मालनला तर मशीनच्या आवाजात मुळीच नाही. पण तो कान धाकूबुवांचा! छाती गेली होती, कान शाबूत होता. त्यांनी "पिशवी झाड" म्हणून हाक मारली, पण हाक दारातच विरली. त्यांनी परत प्रयत्न केला आणि खोकला आला. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून पडलो होतो. त्यांनी हातातली काठी उचलली आणि माझ्यावर मारली.

ठण्ण!

मालनने वळून बघितलं, मशीन बंद केलं, पिशवी काढली आणि चाळीपासून लांब, टेकडीच्या कडेला नेऊन झाडली. लांबा पुन्हा काळी चारमध्ये बोलू लागला.

आता मी तिथेच असतो, मित्रांनो. गिल्बर्टने माझा डबा कापून टाकला, नुसता शंकू तारेने मेस्त्रींच्या खुर्चीजवळ टांगला. मी काळी चारमध्ये वाजत नाही, कुठल्याच पट्टीत वाजत नाही. मेस्त्री तोंड वाकडं करतात आणि तरी मारतात. भुसा अजूनही चाळीत वाटला जातो. बायका डबे घेऊन येतात, पण आधी मेस्त्रींजवळ थांबतात आणि विचारतात, "बुवा, आज दम कसा?"

मित्रांनो, तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, कुणीतरी असेल. कुणी पीठ दळत असेल, कुणी कापूस पिंजत असेल, कुणी दगड घडवत असेल. त्यांची जमीन झाडलेली आहे, एवढं बघून परत फिरू नका. एकदा त्यांच्या उन्हात उभे राहा आणि मालनसारखं मोठ्याने बोला. हसले तर हसू देत. आणि पुन्हा बोला. कारण मालन तेव्हा एकदाच मोठ्याने बोलली, पुढे दबक्या आवाजात, आणि मेस्त्री नेहमी "हो गो" म्हणत राहिले.

देव्हारा होत आला आहे. कळस आज बसेल. आतून लांब्याचा आवाज येतोय, आणि मेस्त्री डोळे मिटून बसले आहेत. लोकांना वाटतं, झोपलेत. मला माहीत आहे, ते सूर ऐकताहेत.

बघा, जरासा चढला. त्यांनी काठी उचलली.